नट मालकानं सांभाळायचे

इंजिन उघडायचं असेल तर गाडीच्या मालकानं समोर बसायचं आणि निघालेले नट मांडीवरच्या फडक्यात ओळीनं मांडून सांभाळायचे, असा मिस्त्रींचा नियम होता. ड्रायव्हर पाठवला तर ते त्याला चहा पाजून परत पाठवत. "गाडी कोनाची हाय? त्याला धाड," म्हणत. मालक आला की जमिनीवर एक जुना टायर आडवा टाकत, त्यावर गोणपाट, आणि मालकाच्या मांडीवर धुतलेलं फडकं. मग एकेक नट काढून त्याच्या हातात. "हा पयला. हा दुसरा. सरमिसळ केलास तर गाडी तू जोडायची."

किन्हवलीहून सरळगावकडे जाताना डाव्या हाताला मोहाचं झाड होतं, त्याखाली त्यांची पत्र्याची शेड. पाटी नव्हती. सगळे मिस्त्री म्हणत, मीही म्हणायचे. खाकी अर्धी चड्डी, वर चुरगळलेला सदरा, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे तांब्याची तार. दिवसभर हात ग्रीसमध्ये असायचे, पण कागदाला हात लावायच्या आधी ते लाकडाचा भुसा आणि कपडे धुवायची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात घासत. त्यांनी लिहिलेल्या कागदावर काळं बोट मी कधी पाहिलं नाही.

त्यांच्यासमोर गाडीच्या पार्टचं नाव घ्यायची सोय नव्हती. कोणी येऊन म्हणालं, "मिस्त्री, क्लच गेलाय," की ते पाना खाली ठेवत. "तुला म्हायती हाय ना काय गेलाय? मग तूच कर." त्यांना तक्रार हवी असायची, निदान नको असायचं. "पोटात दुखल्यावर डॉक्टरला काय सांगतोस? आतडा बदला म्हनून? कुठं दुखतो, कवा दुखतो, काय खाल्ल्यावर दुखतो, त्या सांग." मग माणूस ओशाळून सांगायचा की चढाला इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. मिस्त्री मान हलवत. "आता कसा बोललास!"

मग ते गाडीत मागच्या सीटवर बसत, डोळे मिटून घेत आणि मालकाला गाडी चालवायला लावत. फाट्यापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. पुढे का बसत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"पुडं बसला की डोले काम करतान. मागं कान."

मालशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याला निघालेल्या एका नवरदेवाची गाडी त्यांच्या शेडपाशी बंद पडली, ती गोष्ट सरळगावात अजून सांगतात. इंजिनाचा पट्टा तुटला होता. वऱ्हाडाच्या जीपगाड्या पुढे निघून गेलेल्या. गाडी खुद्द नवरदेवाची. नुकतीच घेतलेली, अर्थात दुसऱ्या हाताची. मिस्त्रींनी टायर टाकला आणि नवरदेवाला बसायला सांगितलं. करवला भडकला. "अहो, मुहूर्त आहे! मी धरतो ना नट."

"गाडी तुजी हाय का? लगीन तुजा हाय का?"

शेवटी नवरदेव मुंडावळ्या कानामागे सारून टायरवर बसला, आणि मांडीवर चार नट घेऊन अर्धा तास हलला नाही. मुहूर्त टळला. पण तो माणूस पुढे दर पावसाळ्याआधी गाडी घेऊन यायचा आणि न सांगता टायर ओढून बसायचा.

तपासणी झाली की ते भुशानं हात घासत आणि एका कागदावर तीन रकाने आखत. पहिल्यावर लिहीत 'आज', दुसऱ्यावर 'पावसाआधी', तिसऱ्यावर 'मेल्यावर'. ब्रेकचे पॅड झिजले असतील तर ते आज. पुढच्या चाकाचं रबरी बूट फाटलं असेल तर पावसाआधी, कारण चिखल आत गेला की साडेतीनशेच्या रबरावरून चार हजारांच्या ॲक्सलवर गोष्ट जाते. दाराला पडलेला पोचा, वर न होणारी काच, थंड न करणारा एसी, हे सगळं मेल्यावर. म्हणजे गाडी मरेपर्यंत चालेल, खर्च करू नको. गिऱ्हाईक हौसेनं म्हणायचं, "मिस्त्री, तेवढा एसी बघा ना." ते म्हणत, "काच खाली कर. आला एसी."

अशा माणसाच्या विरुद्ध मी पत्रक काढलं. पाचशे प्रती.

माझं वाढणंच पत्रकांत झालं. आमच्या घरात कपाटापेक्षा गठ्ठे जास्त होते. वडील संघटनेचं काम करायचे. वनजमिनीचं पत्रक, वीटभट्टीच्या उचलीचं पत्रक, लावणीच्या मजुरीचं पत्रक. शाळेच्या वह्यांना आम्ही उरलेल्या पत्रकांची कव्हरं घालायचो, त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवर 'घामाचे दाम मिळालेच पाहिजेत' असं वर्षभर होतं. मी ते रोज वाचलं. लक्षात मात्र किती राहिलं, ते पुढे कळेल.

डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवरून आजारी माणूस शहापूरला न्यायचा तर गाडी मिळत नाही, ही आमची जुनी तक्रार. निवेदनं देऊन झाली, धरणं धरून झालं. शेवटी संघटनेच्या बायकांनी ठरवलं की आपली आपण गाडी घ्यायची. पुढाकार हिरूबाईचा. साठीच्या आसपासची, काटक, पाड्यावर तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. बायकांनी मोहफुलं, करवंदं, मजुरी यांतून वर्षभर पैसे बाजूला टाकले आणि कल्याणहून एक लहान गाडी आणली. पांढरी, चार दारांची, अकरा वर्षं वापरलेली. चालवायला येत होतं मला एकटीला, म्हणून गाडी माझ्या नावावर झाली.

मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. शहर गाडी दहा वर्षं पिळून घेतं, वर पॉलिश मारतं आणि आमच्याकडे पाठवतं. बाक, पंखे, औषधं, गाड्या, सगळं आमच्यापर्यंत येतं ते दुसऱ्यांचं उरलेलं. मिस्त्रींना मी हे तावातावानं ऐकवलं होतं. ते म्हणाले, "उरलेला वाईट नसतो बाय. काय मोडलाय त्या लपवून इकला, त्या वाईट."

गाडी आणल्यावर चौथ्या दिवशी मी ती त्यांच्याकडे नेली. ते मागे बसले, डोळे मिटले. परत आल्यावर त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण काढलं, मला गाडी सुरू करायला लावली आणि आत बघत राहिले. मग तेल भरायच्या जागेचं झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट साय धरली होती.

"बोट लाव. काय वाटतो?"

"साय."

"तेलात पानी जातो हाय. वरचा हेड आन् खालचा ब्लाक, मधी एक पातल पत्र्याची गॅस्केट असते. ती फुटलीय. इकनाऱ्यानं पान्यात पावडर टाकून भोक बुजवलाय. सपाटीला चालंल. चढाला तापंल."

मग भुसा, पावडर, कागद. 'आज' खाली एकच ओळ: हेड गॅस्केट. 'पावसाआधी' खाली क्लच प्लेट आणि पुढचे बुश. 'मेल्यावर' खाली बाकी सगळं. तळाला लिहिलं, 'सुई अर्ध्याच्या वर गेली तर थांबायचा. कोन पन बसलेला असो.' आणि बाजूला आकडा, चौदा हजार.

"चौदा?" मी म्हणाले. "मिस्त्री, ही पाड्यावरच्या बायकांची गाडी आहे."

"म्हनून तर आज सांगतो. आनी दोन दिवस बसावा लागंल तुला. नट हायेत."

"मला वेळ नाही बसायला. मोर्चा आहे सोमवारी."

"मग मोर्चा झाल्यावर ये."

मी परत निघाले ती थेट शहापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. आमच्या गाडीची हेड गॅस्केट केवढ्याला, म्हणून विचारलं. दुकानदारानं एक चपटं पाकीट काउंटरवर टाकलं. साडेआठशे रुपये.

साडेआठशेची वस्तू आणि मागणी चौदा हजारांची! माझं डोकं फिरलं. हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथे फरशी होती, पोरांच्या अंगावर एकसारखे शर्ट होते, बसायला सोफा होता. त्यांनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत सांगितलं की थर्मोस्टॅट बदलू, नवं कूलंट टाकू, अठराशे होतील. तासाभरात गाडी हातात. मला बसावंसुद्धा लागलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'गरिबांच्या गाडीवर मिस्त्रीचा डल्ला'. खाली ठळक अक्षरांत, 'पार्ट साडेआठशेचा, मागणी चौदा हजारांची! बाकीचे पैसे कोणाच्या खिशात?' नाव घातलं नाही, पण 'किन्हवली–सरळगाव रस्त्यावरील मोहाच्या झाडाखालील' एवढं घातलं. म्हणजे नाव घातल्यासारखंच. पिवळ्या कागदावर, एकाच बाजूला छापून घेतलं, कारण तेवढंच परवडत होतं. लिहिताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते. राग खरा असला की माणसाला आपलं गणितही खरंच वाटतं.

सरळगावच्या बाजारात मी उभं राहून पत्रकं वाटली. सुकटवाल्या बायका, कोंबड्या विकणारे, टेम्पोवाले, सगळ्यांना. दुपारी मिस्त्री आले. हातात पिशवी, पिशवीत मेथी. माझ्या हातातून एक घेतलं, चष्मा वर करून सगळं वाचलं. मी मान ताठ ठेवली.

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू बोटांनी चाचपली.

"किती उरलीत?"

"शंभर-दीडशे असतील. का?"

"दे सगली. पाठ कोरी हाय. कागद बरा हाय."

मला वाटलं ते चुलीत घालणार. मी तोऱ्यात म्हणाले, "न्या. अजून छापू." त्यांनी गठ्ठा मेथीच्या पिशवीत नीट उभा ठेवला आणि निघून गेले.

पुढचे चार महिने माझेच होते. गाडी चालली. एक बाळंतीण नेली, दोन तापाची पोरं नेली, झाडावरून पडलेला एक माणूस नेला. मध्ये मध्ये पाणी घालावं लागायचं, पण मी ते मोजत नव्हते. कोणी विचारलं की सांगायची, "अठराशेत काम झालं." तोवर मिस्त्रींकडे येणाऱ्या शाळेच्या व्हॅन बंद झाल्या होत्या. दोघा दूधवाल्यांनी हायवेचं गॅरेज धरलं. एकदा मी बाईकवर मागे बसून तिकडून जात होते, तर ते मोहाखाली टायरवर एकटेच बसले होते. समोर गाडी नव्हती. मांडीवर फडकं होतं आणि ते जुने नट घासून चकाकवत होते. मला बघून त्यांनी हात वर केला. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं.

मग आश्विनात, बांधावरचं गवत कापताना हिरूबाईला फुरसं चावलं.

सकाळचे दहा वाजले होते. तिची सून धावत आली. मी गाडी काढली, मागच्या सीटवर हिरूबाईला आडवं केलं, डोकं सुनेच्या मांडीवर. घोट्याच्या वर पाय टम्म सुजला होता. हिरूबाई दात दाबून होती, पण तोंड बंद नव्हतं. "सावकाश चालव गो. सापानं नाय मेली, तुज्या खड्ड्यानं मरंन."

शहापूरच्या वाटेवरच्या चढाला तापमानाची सुई हलली. अर्ध्यावर आली. मग वर सरकली. मला तो कागद आठवला; कोण पण बसलेला असो, थांबायचं. पण मागे हिरूबाई होती. थांबायचं कसं? मी पाय दाबला. सुई लाल रेघेला टेकली, बॉनेटखालून वाफ आली, चढाच्या अगदी माथ्याशी इंजिन एकदा खडखडलं आणि गप्प झालं. मी चावी फिरवत राहिले. काही नाही.

मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. पंधरा मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात कोणाचं काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. सर्पदंशावर आमचंच एक पत्रक आहे. शेवटी भाजीचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं भोपळे बाजूला सारून हिरूबाईला मागे निजवलं, सून तिच्याजवळ बसली, मी पुढे.

डॅशबोर्डवर, काचेला टेकवून, पिवळा कागद उभा होता. 'गरिबांच्या गाडीवर मिस्त्रीचा डल्ला'.

"हे इथं कशाला ठेवलंय?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "उलटा करा ताय."

मागे तीन रकाने होते. 'आज' खाली लिहिलं होतं, 'मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक आईल गळतो. आज म्हंजे आज.'

"सगल्यांना आता असल्याच कागदावर लिवून देतो तो," ड्रायव्हर म्हणाला. "मी बोललो, मिस्त्री, याच्यावर तुमाला चोर लिवलाय. तर बोलतो, दोनी बाजू वाच आन् तुजा तू ठरव. मी चाक खोलून बघितला. आईल गळत होता. त्यानं लिवलेला खरा निघाला. म्हनून ठेवलाय." गिअर बदलून तो म्हणाला, "ह्या तुमीच छापता ना?"

मी हो म्हणाले. मागून हिरूबाईचा आवाज आला, "कोन चोर?"

हिरूबाई वाचली. वेळेत इंजेक्शन मिळालं. दोन दिवस तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते थांबलं. तिसऱ्या दिवशी ती खाटेवर उठून बसली आणि तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. गॅस्केट साडेआठशेची, हेही सांगितलं. अजूनही मला तेच माझ्या बाजूचं एकमेव खरं वाटत होतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाताचा बियाना किती रुपयाचा लागतो गो एका खाचराला?"

"असेल दोन-तीनशेचं."

"आन् लावनीची मजुरी?"

तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

"बियान्याचा भाव बघून मालक आमची मजुरी ठरवाया लागला, तवा कोन भांडली? तूच ना? कागद कोनी छापलं? तूच ना? मंग त्या मिस्त्रीच्या हाताला मजुरी नाय?"

हिरूबाईला वाचता येत नाही. माझ्या गणिताच्या वहीवरचं वाक्य तिला न वाचता पाठ होतं.

टेम्पोला दोर बांधून आम्ही गाडी मोहाच्या झाडाखाली आणली. मिस्त्रींनी मला बघितलं, गाडीला बघितलं आणि टायर आडवा टाकला. गोणपाट, फडकं. मी बसले.

दोन दिवस बसले. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीची एअर फिल्टरची पेटी काढली, पाईप सोडवले, दात्यांचा पट्टा उतरवला, वायरींना दोरे बांधून खुणा केल्या. प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या तीन गोष्टींनी अडवलेलं. लहान गाडी म्हणजे सोपी गाडी असं मला वाटायचं. प्रत्यक्षात लहान गाडीत हात शिरायला जागा नसते. त्यांच्या मनगटांवर ठिकठिकाणी चटके बसल्याच्या खुणा होत्या. "पार्ट स्वस्त असतो बाय," ते इंजिनात डोकं घालून म्हणाले, "तिथवर जायचा रस्ता महाग." माझ्या मांडीवर नटांच्या रांगा वाढत गेल्या. लांब, आखूड, गंजलेले. दुपारी मला उठायचं होतं, पण उठता येत नव्हतं. कामाला किती वेळ लागतो ते मांडीला कळत होतं.

सगळ्यात शेवटी त्या गॅस्केटचा पत्रा निघाला. हातात घेतला तर कागदापेक्षा थोडाच जाड. एका जागी काळा पडून फुटलेला. हेड त्यांनी सरळ पट्टीवर धरून दाखवलं, मधून उजेड दिसत होता.

"वाकलाय. तवा वाकला नवता. आता कल्यानला फेस करून आनावा लागंल. चौदाचं बावीस झालं."

"माझ्यामुळे."

"सुईमुळं," ते म्हणाले. मग हेड खाली ठेवत, "सुई तू चालवत व्हतीस."

दुसऱ्या दिवशी हेड कल्याणहून घासून आलं. एकेक नट माझ्याकडून मागून घेत त्यांनी गाडी जोडली. मी एकही चुकवला नाही. संध्याकाळी गाडी सुरू झाली. हात घासून ते कागद घ्यायला आत गेले, तेव्हा मी पिशवीतून माझा कागद काढला. माफीचं पत्रक लिहून आणलं होतं मी. दोन पानी. त्यात श्रमाचं मूल्य होतं, भांडवल होतं, माझी जडणघडण होती. त्यांनी उभ्यानं वाचलं, सगळं.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी ओशाळले. मग म्हणाले, "मिस्त्री, झालं ते झालं असं तुम्ही म्हणाल तर मी समजून घेईन. हे तुमच्या 'मेल्यावर'च्या रकान्यात टाकायचं असेल तर टाका."

त्यांनी पिवळा कागद उलटा करून रकाने आखले होते. मला वाटलं, हा भला माणूस आहे, हसून सोडून देईल. मनातून मला तेच हवं होतं.

त्यांनी 'आज' खाली लिहिलं, 'पत्रक'.

"व्हॅनवाली पोरा नाय येत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्यांचं ब्रेक कोन बगतो मला म्हायती नाय. गाडीत पोरा असतान. हा आजचा काम हाय, बाय."

"उद्याच छापते नवीन."

"नवीन कशाला?" ते आत गेले आणि उरलेला गठ्ठा घेऊन आले. साठेक प्रती असतील. "ज्या कागदावर मोडलाय, त्याच कागदावर जोडायचा. पाठ कोरी हाय. हातानं लिव."

सरळगावच्या पुढच्या बाजारात मी टायर घेऊन गेले. खरंच, त्यांनी गाडीच्या डिकीत टाकून दिला होता. त्यावर बसून, मांडीवर पाट घेऊन मी साठ कागदांच्या पाठीवर लिहिलं, 'समोर छापलेली गॅस्केटची किंमत बरोबर आहे. मी मजुरी धरली नाही. काम दोन दिवसांचं होतं, मी समोर बसून पाहिलं. चूक माझी. मिस्त्रींनी सांगितलेलं खरं होतं.' खाली माझं नाव. विसाव्या कागदाला मनगट दुखायला लागलं. चाळिसाव्याला अक्षर बिघडलं, पण वाचता येत होतं. लोक आधी छापलेली बाजू वाचून हसायचे, "अगो, ह्या तर जुना हाय," मग उलटायचे, आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचे. तेच सगळ्यात कठीण होतं, आणि तेच बरोबर होतं. सुकटवाली म्हणाली, "लाज नाय वाटली लिवताना?" मी म्हणाले, "वाटली." ती म्हणाली, "मंग दे दोन."

सगळ्या व्हॅन परत आल्या असं नाही. दोन आल्या, पुढे एक दूधवाला आला. हायवेच्या गॅरेजातला सोफा अजून भरलेलाच असतो. आमची गाडी मात्र आजही चालते. क्लच प्लेट त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या पावसाआधी बदलली, मी बसले. एसी नाही, काच खाली असते.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या नजरेनं साथ सोडली आणि ते कसाऱ्याला लेकीकडे गेले. शेडचे पत्रे कोणीतरी नेले. मोहाचं झाड आहे.

मी अजून पत्रकं काढते. राग कमी झालेला नाही आणि व्हायचं कारणही नाही. छापखानेवाला प्रत्येक वेळी म्हणतो, "ताई, आता दोन्ही बाजूंचं परवडतं तुम्हाला. तेवढ्याच कागदात दुप्पट मजकूर बसेल." मी त्याला सांगते, पाठ कोरी राहू दे.